ज्याची त्याची पात

आबाजींच्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये चौथ्या मिनिटाला टक् असा आवाज येतो. खंजिरी मस्त चालू आहे, मागे शेजारच्या काकांची पेटी, आबाजींचा आवाज वर चढत चाललाय आणि नेमका तिथंच, शब्दाच्या मधोमध, टक्. वाळलेली पऱ्हाटी मोडावी तसा. मग सातव्या मिनिटाला परत, मग अकराव्याला दोनदा. आबाजींना कमी ऐकू येतं तरी हेडफोनमधून त्यांना तो बरोबर कळला. हात थांबवला आणि म्हणाले, "काबे बाबू, हे मधात काय तुटलं?"

आमचं गाव आर्वी तालुक्यात, वर्धा नदीच्या अल्याड. पल्याड मोझरीचं गुरुकुंज. त्यामुळे तुकडोजी महाराजांची खंजिरी आमच्याकडे घरातल्या भांड्याकुंड्याइतकी ओळखीची, संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना अजून होते, माणसं कमी झाली पण होते. महाराज १९६८ ला गेले तेव्हा आबाजी तिशीच्या आत होते, आता चौऱ्याऐंशी. त्यांना जेवढी भजनं पाठ आहेत तेवढी गावात आता कुणालाच नाहीत. म्हणून ठरवलं की रोज संध्याकाळी पडवीत बसवून एकेक भजन रेकॉर्ड करायचं. मी घरूनच सर्व्हर सांभाळायचं काम करतो, लिनक्स रोजचंच, एक जुना लॅपटॉप होता, त्याला यूएसबीचं स्वस्तातलं साऊंड कार्ड आणि दोन माईक. झालं असतं चार दिवसांत. त्या टक् नं दीड महिना खाल्ला, आणि प्रोग्रामला प्रोसेसरच्या ठरावीक भागावर बांधून ठेवणं म्हणजे काय ते शिकवलं.

आधी अर्थातच वायरवर संशय. आर्वीला जाऊन नवीन केबल आणली. मग इन्व्हर्टरवर, कारण लाईट गेली की पंखा गुणगुणतो तसं काहीतरी असेल म्हटलं. मग साऊंड कार्ड दुसऱ्या पोर्टात लावून पाहिलं. कशानंच फरक नाही. शेवटी रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरचा आकडा नीट पाहिला, तिथं एक्सरन म्हणून एक मोजणी असते, ती सतरा. चाळीस मिनिटांत सतरा वेळा कॉम्प्युटर वेळेवर पोचला नव्हता.

वेळेवर म्हणजे काय ते सांगतो, कारण सगळं तिथंच अडकलेलं आहे. आवाज कॉम्प्युटरमध्ये सेकंदाला ४८,००० तुकडे होऊन येतो. साऊंड कार्ड त्यातले थोडे थोडे तुकडे एका बफरमध्ये गोळा करून प्रोग्रामच्या हातात देतं. माझा बफर १२८ तुकड्यांचा होता, म्हणजे जवळपास २.७ मिलिसेकंद. एवढ्या वेळात प्रोग्रामनं आलेले तुकडे उचलायचे, त्यावर काम करायचं आणि हेडफोनकडे परत द्यायचे. मग पुढचा हप्ता. हे सेकंदाला ३७५ वेळा, तासाला साडेतेरा लाख वेळा. त्यातला एक जरी चुकला तरी कानाला टक् ऐकू येतो, बाकी सगळे वेळेवर झाले त्याचं कान काही कौतुक करत नाही.

कुणी म्हणेल बफर मोठा कर ना बाबा, रेकॉर्डिंगच तर करायचंय. बरोबर आहे, मीही तेच केलं. १०२४ चा बफर लावला, टक् गायब. पण आबाजींना कमी ऐकू येतं, त्यांचा आवाज मी त्यांना हेडफोनमधून परत ऐकवत होतो, त्यांच्या कानाला वरचे स्वर लागत नाहीत म्हणून तेवढे वाढवून. १०२४ च्या बफरला एक हप्ता २१ मिलिसेकंदांचा, आत यायचा एक आणि बाहेर जायचा एक धरला तरी चाळीसच्या वर. दोन ओळी म्हणून झाल्या आणि आबाजींनी हेडफोन कानावरून सरकवला. "माया मांगं कोण म्हणून रायलं बे?" स्वतःचाच आवाज उशिरा ऐकून त्यांचा खंजिरीवरचा हात अडखळत होता. साठ वर्षांत जो हात चुकला नाही तो माझ्या बफरमुळे चुकत होता, हे मला सहन होईना. परत १२८.

आता खरी गंमत अशी की लॅपटॉप मोकळाच होता. एचटॉप, म्हणजे प्रोसेसर किती कामात आहे ते दाखवणारा प्रोग्राम, उघडून बघितला तर चारही पट्ट्या पंधरा-वीस टक्क्यांच्या पुढे जात नाहीत. काम थोडं, वेळ भरपूर, तरी उशीर. जसं घरात पाच माणसं रिकामी बसलेली आणि दारातला कुत्रा हाकलायला एकही नाही.

चार पट्ट्या म्हणजे चार कोअर, प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग, नाहीत हं. माझ्या लॅपटॉपमध्ये खरे कोअर दोनच, पण हायपरथ्रेडिंगमुळे एकेक कोअर ऑपरेटिंग सिस्टिमला दोन दिसतो, इंटेलनं हे २००२ पासून आणलंय. ही जोडी म्हणजे एका घरातल्या दोन जावा, चूल एकच. एकीचा तवा चढलेला असला की दुसरीला थांबावं लागतं. एलएससीपीयू कमांडला विचारलं तर माझ्या मशीनवर ० आणि २ ही एक जोडी, १ आणि ३ ही दुसरी. दुसऱ्या मशीनवर हे वेगळं असतं, कुठं ० आणि १ जोडीला असतात, त्यामुळे माझं बघून आकडे उतरवू नका, आपल्या मशीनला विचारा.

आणि प्रोग्रामचा थ्रेड, म्हणजे त्याच्या कामाचा एक धागा, या चारपैकी कुठं चालेल ते ठरवतो कर्नलमधला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातला, शेड्युलर. आपण काही सांगितलं नाही तर तो थ्रेडला मोकळ्या जागी हलवत राहतो. शहाणा आहे तो, उगाच हलवत नाही, जिथं आधी चालला तिथंच परत ठेवायचा प्रयत्न करतो. पण हलवतो.

हलवल्यानं काय बिघडतं ते समजायला मला आमच्या वावरातली वेचणी आठवते. दिवाळीच्या आसपास कापूस फुटतो, सीतादही, म्हणजे वेचणीआधीची वावरातली पूजा, होते आणि बाया सकाळी वावरात उतरतात. प्रत्येकीची पात ठरलेली, म्हणजे झाडांच्या इतक्या ओळी तुझ्या, इतक्या तिच्या. कमरेला ओटी बांधलेली, वेचलेला कापूस त्यात. कोणत्या झाडाची बोंडं वेचली, कोणती राहिली, कुठं अजून कवळं आहे म्हणून सोडलं, ते तिच्या नजरेत असतं. आता मधातच कोणी म्हणालं की तू त्या टोकाच्या पातीवर जा आणि तिकडची इकडं येईल, तर दोघी हुशार असूनही घोळ होतो. माझी आई एकदा नवीन आलेल्या पोरीवर ओरडली होती, "पात सोडून कुठं चालली व? तुयं वेचलेलं तुलेच माईत."

कोअरजवळची कॅशे, हाताशी ठेवलेली छोटी वेगवान मेमरी, म्हणजे ती ओटी आणि ती नजर दोन्ही. माझ्या या जुन्या प्रोसेसरमध्ये प्रत्येक कोअरची स्वतःची छोटी कॅशे आहे, पहिली ३२ केबी, दुसरी २५६ केबी, मग सगळ्यांत मिळून एक ३ एमबीची. ढोबळमानानं पहिल्या कॅशेतून माहिती काढायला चार-पाच सायकल, म्हणजे प्रोसेसरचे ठोके, लागतात, सगळ्यांच्या मिळून असलेल्या कॅशेतून चाळीसच्या घरात आणि थेट मेमरीतून आणायची झाली तर दोनशे-तीनशे. थ्रेड दुसऱ्या कोअरवर गेला की त्याची जवळची कॅशे मागंच राहते, नव्या जागी सगळं परत भरावं लागतं.

इथं मी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो, कारण बरेच जण सगळा दोष कॅशेवर टाकून मोकळे होतात आणि मीही टाकला होता. एवढ्या छोट्या कॅशेला परत भरायला मायक्रोसेकंद लागतात, तेही फार तर काही दहा. माझ्या हातात २,७०० मायक्रोसेकंद होते. नुसत्या कॅशेनं गाडी चुकत नाही. चुकते ती सगळं एकत्र आल्यावर. ज्या कोअरवर थ्रेड पाठवला तो गाढ झोपलेला असतो, बॅटरी वाचवायला कोअर झोपतात, त्याला उठायला वेळ. उठला तरी त्याची फ्रिक्वेन्सी खाली असते, ती चढायला वेळ. त्याची जाव त्याच वेळी दुसरंच काही शिजवत असते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे इंटरप्ट, वायफायसारख्या हार्डवेअरनं प्रोसेसरला हातातलं काम थांबवायला मारलेली हाक. माझ्या मशीनवर वायफाय आणि यूएसबी दोघांचेही इंटरप्ट ० नंबरवर येऊन पडत होते. मी मोबाईलच्या हॉटस्पॉटवर, गावातलं नेटवर्क कसं ते सांगायला नको, तुटतं जुळतं, आणि दर वेळी वायफायचा ड्रायव्हर ० नंबरचा हात धरून ठेवतो. इंटरप्टपुढे रिअलटाईम प्रायॉरिटीचंही, म्हणजे इतर प्रोग्रामांच्या आधी चालायच्या हक्काचंही, चालत नाही, ती मी आधीच दिलेली होती. आवाजाचा थ्रेड फिरत फिरत नेमका त्या क्षणी ० वर असला की टक्. नऊ लाख हप्त्यांत सतरा वेळा असं जुळून आलं.

मग टास्कसेट, थ्रेडला ठरावीक नंबरवर बांधायची लिनक्समधली कमांड. ही कमांड आणि तिच्या मागची सिस्टिम कॉल, दोन्ही रॉबर्ट लव्ह यांचं काम, लिनक्स कर्नलमध्ये ही सोय २.५.८ पासून, म्हणजे २००२. कल्पना अगदी साधी आहे: प्रत्येक थ्रेडला एक मास्क असतो, त्यात प्रत्येक सीपीयूसाठी, म्हणजे त्या चारपैकी प्रत्येक पट्टीसाठी, एक बिट, शून्य किंवा एक, बिट लागलेला असेल तिथंच त्यानं चालायचं. नंबर ० ची किंमत १, नंबर १ ची २, नंबर २ ची ४, नंबर ३ ची ८. मला ० आणि २ हवेत तर १ अधिक ४, मास्क ५. चार सीपीयूंचा एक आकडा होतो म्हणून हे सोळाच्या हिशोबात लिहितात. आबाजींना सांगितलं तेव्हा ते म्हणाले मंग हे आण्यासारखंच झालं. खरंच की, सोळा आण्यांचा रुपया, आणेवारीवर पीक मोजणारी ती पिढी, त्यांना हेक्साडेसिमल माझ्यापेक्षा लवकर कळलं असतं. एवढं गणित नको असेल तर मायनस सी देऊन सरळ नंबरच लिहिता येतात. विंडोजमध्येही टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये राईट क्लिक केलं की सेट अ‍ॅफिनिटी सापडतं, अ‍ॅफिनिटी म्हणजे हेच बांधणं.

मी चालू प्रोग्रामला टास्कसेट मायनस पी लावून १ नंबरवर बांधलं आणि आबाजींना बसवलं. टक्. परत टक्. दोन रात्री मी वेड्यासारखा शोधत होतो. तिसऱ्या रात्री मॅन्युअल शब्द न् शब्द वाचलं तेव्हा कळलं की मायनस पी फक्त त्या एका थ्रेडला बांधतो ज्याचा नंबर तुम्ही दिला, म्हणजे मुख्य थ्रेडला. आवाजाचा थ्रेड वेगळा, तो आधीच सुरू झालेला, तो मोकाटच. सगळ्यांना लावायचं असेल तर सोबत मायनस ए द्यावा लागतो. प्रोग्राम सुरू करतानाच टास्कसेटमधून केला तर हा प्रश्न येत नाही, कारण नवीन थ्रेडला आणि नवीन प्रोसेसला आईबापाचा मास्क वारशानं मिळतो. सातबाऱ्यावर नाव आधी चढलं तर पोरांना आपोआप मिळतं, पोरं वेगळी झाल्यावर बापाच्या नावावर काही केलं तर पोरांना त्याचा पत्ताच नसतो.

मग उत्साहात सगळेच थ्रेड १ वर बांधले. आवाज, डिस्कवर लिहिणारा, स्क्रीनवरची लाट काढणारा, सगळे. त्या दिवशी एक्सरन साठच्या वर गेले. हे माझ्या डोक्यात नीट बसायला हवं होतं आणि बसलं नव्हतं: अ‍ॅफिनिटी बंधन घालते ती ज्याला बांधलं त्याच्यावर. बाकीच्यांवर नाही. मी आवाजाच्या थ्रेडला सांगितलं तू याच पातीवर राहा, पण बाकीच्यांना कुणी सांगितलं की या पातीवर येऊ नका? आणि मीच चारचौघांना तिथं आणून उभं केलं. पात राखून ठेवायची असेल तर दुसऱ्यांना दूर ठेवावं लागतं, त्यासाठी आयसोलसीपीयूज किंवा सीपीयूसेट अशा वेगळ्या सोयी आहेत.

शेवटी जे जमलं ते असं. सिस्टमडीच्या कॉन्फिगमध्ये सीपीयू अ‍ॅफिनिटी ० आणि २ लिहिली. सिस्टमडी हा पहिला प्रोसेस, त्याच्यापासून पुढे सगळे जन्मतात, मग वारशानं जवळपास सगळी मशीन त्या एका कोअरच्या दोन हातांवर. ब्राउझर, डेस्कटॉप, सगळं. वायफाय आणि यूएसबीचे इंटरप्ट होते तिथंच ० वर राहू दिले. आवाजाचा थ्रेड एकटा १ वर. आणि ३, म्हणजे १ ची जाव, मुद्दाम रिकामी. चूल पूर्ण मोकळी. कोअरला कमी झोपवायची आणि फ्रिक्वेन्सी खाली न येऊ देण्याची सेटिंग वेगळी.

सारखं हेच करत सुटावं असं मात्र मला अजिबात वाटत नाही. ऑफिसच्या कामात मी कितीतरी ठिकाणी बांधलेले थ्रेड सोडवले आहेत. कुणीतरी चार वर्षांपूर्वी जुन्या मशीनवर नंबर लिहून ठेवलेले, मशीन बदललं, नंबर तेच, आणि दोन जड थ्रेड एकाच कोअरच्या दोन हातांवर बसून एकमेकांचं रक्त पितायत, शेजारी सहा कोअर रिकामे. मोठ्या सर्व्हरवर दोन प्रोसेसर असतात, प्रत्येकाची मेमरी आपापल्या बाजूला, तिथं थ्रेड आणि त्याची मेमरी एका बाजूला ठेवण्यात खरोखर फायदा आहे. आताच्या नवीन लॅपटॉपमध्ये तर सगळे कोअर सारखेही नसतात, इंटेलनं २०२१ च्या बाराव्या पिढीपासून मोठे आणि छोटे कोअर एकत्र ठेवलेत, मोबाईलमध्ये हे त्याच्याही कितीतरी आधीपासून. न बघता नंबर टाकला आणि तो छोटा कोअर निघाला तर बसा बोंबलत.

निंदणाच्या वेळी बघा. रोजानं बाया लावलेल्या, प्रत्येकीची पात असते, पण जिची पात लवकर सरली ती धुऱ्यावर बसून राहत नाही, मागे राहिलेलीच्या पातीत समोरच्या टोकाकडून शिरते. दोघी मधात भेटतात आणि सगळ्या सोबतच उठतात. घट्ट बांधून टाकलं असतं तर चार जणी झाडाखाली आणि एकटी उन्हात. शेड्युलर हे समोरून शिरायचं काम फार चांगलं करतो आणि त्याच्या मागे लोकांची वीस-पंचवीस वर्षांची अक्कल आहे. २००७ मध्ये लिनक्समध्ये इंगो मोल्नार यांचा सीएफएस हा शेड्युलर आला, २०२३ ला कर्नल ६.६ पासून त्याची जागा ईईव्हीडीएफ या नव्या शेड्युलरनं घेतली, आणि या नव्याचं मूळ गणित १९९५ मधलं. यात मला सगळ्यात जवळचा वाटतो तो कॉन कोलिवास, ऑस्ट्रेलियातला भूल देणारा डॉक्टर. प्रोग्रामिंग त्याचा धंदाच नाही. पण साध्या माणसाच्या डेस्कटॉपवर काम करताना मशीन अडखळू नये, गाणं तुटू नये, याचं त्याला इतकं लागून राहिलं की त्यानं स्वतःचा शेड्युलर लिहिला. तो कर्नलमध्ये घेतला गेला नाही, पण सीएफएसमागे त्याच्या कामाची प्रेरणा होती हे मोल्नार यांनीच सांगितलं. २००७ मध्ये तो सगळं सोडून गेला, २००९ ला नवीन शेड्युलर घेऊन परत आला. रात्री दोन वाजता पडवीत लॅपटॉपपुढे बसलेलो असताना मला या माणसाची फार सोबत वाटायची. दवाखान्यातून ड्युटी करून आल्यावर हा गाण्यातला टक् शोधत बसायचा.

मे महिन्यात अजून एक अडचण आली. आमच्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, पडवीत दुपारी हात लावला तर खाट गरम लागते. आवाजाचा थ्रेड दिवसभर टेस्टसाठी १ वर चालू ठेवला होता, संध्याकाळी प्रोसेसर नव्वदच्या वर तापलेला आणि त्यानं स्वतःची फ्रिक्वेन्सी खाली ओढली. एक्सरन परत सुरू. कुलर लावला तर त्याचाच आवाज माईकमध्ये. आई म्हणाली कुलरच्या जुन्या ताट्या ओल्या करून लॅपटॉपच्या मागे उभ्या कर, पंखा नको. तसं केलं, थोडं अंतर ठेवून, पाणी उडणार नाही असं. त्यानं आठ-दहा डिग्री उतरले. वेळही बदलली, संध्याकाळऐवजी पहाटे पाचला बसायचं ठरलं, आबाजी तसेही चारलाच उठतात.

मृगाचा पहिला पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे बसलो. ओल्या मातीचा वास, बेडकांचा आवाज लांबून, तो रेकॉर्डिंगमध्ये आलाय आणि मी तो काढणार नाही. आबाजींनी हेडफोन लावला, खंजिरी हातात घेतली, बोटांना पाणी लावलं. पन्नास मिनिटं एकही शब्द न बोलता एकामागून एक भजन. मी डोळे त्या आकड्यावर लावून बसलेलो. शून्य. दहा मिनिटं झाली, शून्य. अर्धा तास, शून्य.

चाळिसाव्या मिनिटाला टक्.

माझ्या पोटात गोळा आला. आकडा बघितला तर शून्यच. परत बघितला. इंटरप्टची मोजणी बघितली, १ वर काही नाही. भजन संपेपर्यंत मी तसाच बसून राहिलो, मधात अजून दोनदा झालं, आकडा हलला नाही. संपल्यावर तेवढा भाग लावून आबाजींना ऐकवला आणि विचारलं हे काय असेल, मशीन तर म्हणतंय माझ्याकडून काही नाही.

त्यांनी परत लावायला सांगितलं. मग खंजिरी उचलून कानाशी हलवली, एका चकतीची खीळ सैल झाली होती, ती अंगठ्यानं दाबून सोडली. टक्.

"थे माया खंजिरीचं हाय. राहू दे."